अक्षय्य म्हणजे काय? : चाकांच्या फळीवरून ऊर्जा आणि घर्षण



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे नाव पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहेच. आमच्या काळी त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. ‘सर’ म्हटले की तेच. मीही येथे तेवढेच म्हणणार आहे. सर विज्ञान शिकवीत. मी पुढे आयुष्यभर मराठी शिकवली. तेव्हा विज्ञानशिक्षकाच्या स्मृतिव्याख्यानाला मराठीच्या निवृत्त प्राध्यापिकेने उभे राहावे, आणि तेही स्केटबोर्डासारखा विषय घेऊन, ह्याचे काहींना नवल वाटले असेल. निमंत्रण आले तेव्हा मलाही वाटले होते. परंतु सरांचे एक ऋण माझ्याकडे साठ वर्षांहून अधिक काळ पडून आहे. ते भाषेचे आहे तितकेच विज्ञानाचेही आहे, आणि ते फेडायला ह्याहून योग्य जागा मला मिळणार नाही.

नातीचा प्रश्न

माझी नात इंदुरातच नववीत शिकते. गेल्या वर्षी तिने हट्टाने स्केटबोर्ड घेतला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते : हातभर लांबीपेक्षा थोडी मोठी, दोन्ही टोकांना किंचित वर वळलेली लाकडी फळी, तिच्या खाली दोन आस आणि चार लहान चाके. फळीला ना दोरी, ना दांडा, ना ब्रेक. तिच्यावर उभे राहायचे, एका पायाने जमीन मागे ढकलायची आणि तोल सांभाळीत पुढे जायचे. आमच्या इमारतीच्या तळघरात वाहने ठेवण्याची जागा आहे. तेथे उतरणारा उतार हे तिचे क्रीडांगण.

डिसेंबरात शाळेने तिला निबंध लिहायला सांगितला. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संरक्षण दिवस. त्याच आठवड्यात वर्गात भौतिकशास्त्राचा धडा चालू होता, त्याचे नाव ‘ऊर्जा संरक्षण का नियम’. संध्याकाळी ती माझ्याकडे दोन्ही वह्या घेऊन आली आणि म्हणाली, “आजी, एका वहीत लिहिलंय की ऊर्जा कधीच नष्ट होत नाही. दुसऱ्या वहीत लिहायचंय की ऊर्जा वाचवा, नाहीतर संपेल. जी गोष्ट नष्टच होत नाही तिचं संरक्षण कशाला करायचं?”

मी काही वेळ गप्प राहिले, कारण हाच प्रश्न मी १९६३ साली ह्याच शाळेत, सरांच्या वर्गात उभी राहून विचारला होता.

शब्दांचा घोळ

प्रथम शब्दांविषयी बोलू द्या. तो माझा प्रांत आहे. हिंदीत दोन्ही गोष्टींना ‘ऊर्जा संरक्षण’ असे एकच नाव आहे. २००१ साली संसदेने केलेला कायदाही ‘ऊर्जा संरक्षण अधिनियम’च आहे. इंग्रजीतही दोहोंसाठी एकच शब्द चालतो. त्यामुळे निसर्गाचा नियम आणि माणसाचे कर्तव्य ह्या दोन वेगळ्या वस्तू एकाच पेटीत बंद होतात आणि मुले गोंधळतात. हा दोष मुलांच्या बुद्धीचा नव्हे.

मराठीने येथे अधिक विवेक दाखवला आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत नियमाला ‘ऊर्जा अक्षय्यतेचा नियम’ म्हणतात आणि कर्तव्याला ‘ऊर्जेची बचत’. त्यातही ‘अक्षय’ न म्हणता ‘अक्षय्य’ म्हणतात, ह्यात अर्थ आहे. ज्याला क्षय नाही ते अक्षय. ज्याचा क्षय करताच येत नाही, करू म्हटले तरी होत नाही, ते अक्षय्य. ‘क्षय्य’ हे रूप शक्यतेच्या अर्थाने वेगळे होते, ही नोंद पाणिनीने करून ठेवलेली आहे. नियम नेमके हेच सांगतो : ऊर्जा नष्ट करण्याचा कोणताही उपाय कोणालाही सापडलेला नाही.

पण ह्या चांगल्या शब्दातही एक फसवी जागा आहे. ‘अक्षय्य’ म्हटले की आपल्या कानाला अक्षय्यतृतीया आठवते, द्रौपदीचे अक्षयपात्र आठवते. कितीही काढा, उरतेच. निसर्गाचा नियम असे वरदान देत नाही. ऊर्जा कमी होत नाही, तशी ती वाढतही नाही. ती केवळ रूप बदलते. जमाखर्चाच्या वहीत एका खात्यातून रक्कम उचलून दुसऱ्या खात्यात टाकावी, तसे हे आहे. एकूण बेरीज तीच. प्रश्न एवढाच, की रक्कम कोणत्या खात्यात गेली, आणि तेथून ती परत काढता येईल का.

सरांची गाडी

१९६३ साली माझा प्रश्न ऐकून सर रागावले नाहीत आणि त्यांनी उत्तरही दिले नाही. ते म्हणाले, “शनिवारी शाळा सुटल्यावर थांबा.”

त्या काळी इंदुरातील कापडगिरण्या जोरात चालत. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. आमच्या लहानपणी मात्र गिरण्यांच्या भोंग्यांवर घरातली घड्याळे लावली जात. यंत्रांतून बाद झालेले बेअरिंग भंगारात येत, आणि मुले ते मिळवून त्यांची गाडी करीत. एक जाड फळी, खाली दोन आडव्या दांड्या, दांड्यांच्या टोकांना बेअरिंग ठोकलेले. वर बसायचे आणि उतारावरून सोडून द्यायचे. रस्त्यावर त्या गाडीचा खडखडाट दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाई. आजच्या स्केटबोर्डाची ती गरीब चुलत बहीणच म्हणावी लागेल.

शनिवारी सरांनी अशी एक गाडी आणवली. व्यायामशाळेतील एक रुंद फळी त्यांनी विटांवर तिरपी टेकवली. तिचे वरचे टोक जमिनीपासून दीड फूट उंच होते. मुलाने गाडीवर बसायचे, ढकलायचे नाही, नुसते सोडायचे, आणि गाडी आपोआप थांबेपर्यंत किती अंतर गेली ते मोजायचे. आधी व्हरांड्याच्या फरशीवर, मग फाटकासमोरच्या डांबरी रस्त्यावर, मग मैदानावरच्या मुरुमावर. मोजण्याचे आणि लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. माझे पाऊल दोन फुटांचे पडते हे सरांनी आधी दोरीने तपासून घेतले.

फरशीवर ३८ पावले, डांबरावर २७, मुरुमावर ९.

“उंची प्रत्येक वेळी दीडच फूट,” सर म्हणाले, “म्हणजे गाडीच्या खात्यात सुरुवातीला जमा होती तीच. मग कुठे ७६ फूट पुरली, कुठे ५४, कुठे अठराच. खर्च कोणी केला?”

“घर्षणाने,” सगळे ओरडले.

“किती दराने?”

हे आम्हाला सुचले नव्हते. सरांनी भागाकार करायला लावला. फरशीवर सुमारे ५० फूट जायला एक फूट उंची खर्च झाली. डांबरावर ३६ फुटांना एक फूट. मुरुमावर १२ फुटांना एक फूट. कसलेही उपकरण न वापरता, एक फळी आणि एका मुलीची पावले ह्यांवर आम्ही घर्षणाचा दर काढला होता. मुरूम फरशीपेक्षा चौपट महाग आहे हे आम्हाला आकड्यांत कळले. मग सरांनी वर्गातला सर्वांत जाडा आणि सर्वांत हडकुळा असे दोन मुलगे आळीपाळीने बसवले. आम्हाला वाटले, जाडा फार दूर जाईल. दोघांत दोन-तीन पावलांचाच फरक पडला. जाड्याच्या खात्यात जमा जास्त होती, पण त्याच प्रमाणात त्याच्याकडून वसुलीही जास्त होत होती. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते हा नियम फ्रान्समध्ये आमोंताँ ह्याने १६९९ साली मांडला, हे मी पुष्कळ पुढे वाचले.

शेवटी सरांनी एका मुलाला गाडी वेगात असताना लाकडी ठोकळा जमिनीवर दाबून ती थांबवायला सांगितले. तसे चार-पाच वेळा केल्यावर ठोकळ्याची घासलेली बाजू त्यांनी माझ्या हातावर टेकवली. ती कोमट होती.

“तुझी हरवलेली ऊर्जा,” सर म्हणाले. “नष्ट झालेली नाही. बघ, हातात आहे. आता हिच्यावर गाडी पुन्हा चालवून दाखव.”

माझ्या प्रश्नाचे उत्तर तेच होते. मात्र ते पूर्णपणे उमगायला मला आणखी बराच काळ लागला.

उतार आणि चढ

आता नातीच्या फळीकडे येऊ. स्केटबोर्ड हा अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा. समुद्राच्या लाटांवर फळीने तरंगणाऱ्या तेथील मुलांनी, लाटा नसतील त्या दिवशी रस्त्यावर तेच करता यावे म्हणून, १९५० च्या सुमारास फळीला चाके लावली. १९७६-७७ मध्ये तेथे मोठा दुष्काळ पडला. घरोघरचे पोहण्याचे हौद कोरडे ठेवावे लागले. मुलांनी त्या रिकाम्या, गोलसर तळाच्या हौदांत फळ्या उतरवल्या. एका काठावरून खाली यायचे आणि दुसऱ्या काठाकडे चढायचे. आज स्केटबोर्डासाठी मुद्दाम बांधतात ते वाटीसारखे खोलगट हौद आणि अर्ध्या नळाच्या आकाराचे रॅम्प ह्याच प्रकारचे असतात.

ऊर्जेचा नियम शिकवायला ह्याहून चांगली प्रयोगशाळा नाही. काठावर उभ्या असलेल्या मुलीजवळ वेग नाही, पण उंची आहे. उंचीमुळे साठलेल्या ऊर्जेला स्थितिज ऊर्जा म्हणतात. ती खाली येऊ लागते तशी उंची घटते आणि वेग वाढतो. स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते. तळाशी वेग सर्वांत जास्त. पुन्हा चढताना उलटा व्यवहार.

आकडे घेऊ. मुलीचे आणि फळीचे मिळून वजन ४० किलो, काठाची उंची सव्वा मीटर. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरले तर ४० गुणिले १० गुणिले १.२५, म्हणजे ५०० ज्यूल ऊर्जा काठावर जमा आहे. ही सर्व गतिज झाली तर तळाशी वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. येथेही वजनाचा संबंध नाही : ८० किलोचा माणूस उतरला तरी वेग तोच, त्याची ऊर्जा मात्र दुप्पट, आणि म्हणून पडला तर लागेलही अधिक.

घर्षण नसते तर ती समोरच्या बाजूला बरोबर सव्वा मीटर चढली असती. तसूभर कमी नाही, तसूभर जास्त नाही. गॅलिलिओने समोरासमोरच्या दोन उतारांवर घरंगळणाऱ्या गोळ्याचा असाच विचार सतराव्या शतकात केला होता. प्रत्यक्षात ती, समजा, १ मीटर १० सेंटिमीटरपर्यंतच पोचते. म्हणजे ४४० ज्यूल परत आले. ६० ज्यूल कोठेतरी गेले. सरांचा प्रश्न येथे जसाच्या तसा विचारता येतो : खर्च कोणी केला?

घर्षण : वैरी की सोबती?

त्या ६० ज्यूलचे वाटेकरी पुष्कळ आहेत. प्रत्येक चाकात दोन, म्हणजे एकूण आठ बेअरिंग. त्यांतील पोलादी गोळ्या फिरताना थोडे घेतात. जमिनीवर दबून पुन्हा फुगणारे चाक काही घेते. अंगावर येणारी हवा काही घेते. चाकांची खरखर ऐकू येते, तीही ऊर्जाच आहे. कानापर्यंत आली तेवढी गाडीपासून गेली.

नातीला वाटले, मग घर्षण अजिबात नसलेलेच बरे. मी तिला म्हटले, तळघरात तेल सांडले असते तर तू फळीवर चढून दाखव. ती लगेच समजली. पायाने जमीन मागे ढकलली तरच जमीन आपल्याला पुढे ढकलते, आणि ती ढकलते घर्षणाच्या बळावर. तेलावर पाय नुसता मागे सटकेल. पुढे नेणारी ऊर्जा स्नायूंची असते हे खरे, पण तिला पाय रोवायला जागा घर्षण देते. फळीच्या वरच्या बाजूला काचकागदासारखा खरखरीत कागद चिकटवलेला असतो, तो ह्याचसाठी. फळीसकट हवेत उडी मारण्याची जी युक्ती आहे तिला ‘ऑली’ म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ॲलन गेलफंड ह्या फ्लोरिडातील मुलाने ती रूढ केली. प्रेक्षकाला वाटते, फळी पायाला बांधलेली आहे. वस्तुतः मागचे टोक जमिनीवर आपटून फळी उसळते आणि पुढचा बूट त्या खरखरीत कागदावर घासत तिला वर ओढतो.

चाकांची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. सुरुवातीची चाके पोलादाची, मग भाजलेल्या मातीच्या मिश्रणाची होती. ती कडक असल्यामुळे वळणावर घसरत, आणि लहानसा खडा आडवा आला तरी चाक अडून स्वार पुढे फेकला जाई. १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी ह्या तरुणाने पॉलियुरेथेन ह्या पदार्थाची चाके स्केटबोर्डासाठी बाजारात आणली. ती थोडी मऊ. जमिनीला धरून राहणारी, खड्यावरून जाणारी, आणि तरीही हलकेच घरंगळणारी. खेळाचा सारा कायापालट ह्या चाकांनी झाला. ह्यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की चाकाला पुढे जाताना विरोध कमीत कमी हवा, आणि आडवे घसरताना जास्तीत जास्त हवा. घर्षण काढून टाकणे हे कारागिराचे काम नव्हे. ते हवे तेथे ठेवणे आणि नको तेथून हटवणे, हे त्याचे काम.

झोक्याचे गुपित

हौदात खेळणारी मुले प्रत्येक खेपेला थोडी ऊर्जा गमावतात हे आपण पाहिले. मग ती थांबत का नाहीत? उलट काही जण पाय जमिनीला न लावता प्रत्येक फेरीत अधिक उंच जातात. नियम मोडला की काय?

हे उत्तर मला पुस्तकातून शोधावे लागले नाही. माळव्यात श्रावण आला की झाडांना झोके लागतात. आमच्या घरी नागपंचमीला झोका बांधत. आम्ही मुली त्यावर उभ्या राहून झोका चढवीत असू. दोन्ही टोकांना गुडघे वाकवायचे आणि झोका मधून जाताना ताठ उभे राहायचे. पाय जमिनीला लागत नसत, कोणी ढकलत नसे, तरी झोका फांदीला भिडू पाहायचा. स्केटबोर्डावरची मुलगी तेच करते. सपाट तळावर ती गुडघे वाकवते आणि वर वळणाऱ्या भागात शिरताच ताठ होते. वळणात शरीर जड झालेले असते. त्या जड झालेल्या शरीराला उचलण्याचे काम स्नायू करतात आणि ते काम वेगाच्या खात्यात जमा होते. स्नायूंची ऊर्जा सकाळच्या पोळीभाजीतून येते, पोळीची गव्हातून, गव्हाची उन्हातून. ‘ऊर्ज्’ ह्या वैदिक शब्दाचा अर्थ पोषण, बळ असा होता. आजच्या शास्त्रीय अर्थापासून तो वाटतो तितका दूर नाही.

चहाचा पेला

आता मूळ प्रश्न. काहीच नष्ट होत नाही, तर बचत कशाची?

घर्षणातून उष्णता निघते हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. यज्ञाचा अग्नी अरणीच्या मंथनातून निघे. पण किती घर्षणातून किती उष्णता, हा प्रश्न विचारायला काळ जावा लागला. १७९८ मध्ये काउंट रम्फर्ड ह्याने म्युनिकच्या शस्त्रशाळेतील तोफा कोरण्याच्या कामाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. घोड्यांच्या बळावर बोथट हत्यार तोफेच्या धातूत फिरवले, तेव्हा भोवतीचे पाणी अडीच तासांत अग्नीशिवाय उकळले. पुढे १८४० च्या दशकात जेम्स ज्यूल ह्याने खाली येणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवली आणि पाणी किती तापते ते मोजून उंची व उष्णता ह्यांचा विनिमयदर ठरवला. मायर आणि हेल्महोल्ट्झ ह्यांच्या विवेचनाने त्याच दशकात ह्या नियमाला व्यापक रूप आले.

ज्यूलचा दर घेऊन मी आणि नातीने एक हिशेब केला. १५० ग्रॅम पाणी, म्हणजे एक पेला चहाचे, २५ अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ४७ हजार ज्यूल लागतात. सव्वा मीटरच्या काठावरून एकदा उतरण्याचे ५०० ज्यूल. म्हणजे सर्व ऊर्जा पाण्यात उतरवता आली असती तरीही एका चहासाठी तिला ९५ वेळा त्या काठावरून उतरावे लागले असते, आणि प्रत्येक वेळी वर चढण्याचे कष्ट वेगळे. ती वही बाजूला ठेवून म्हणाली, “आणि मी गीझर चालू ठेवून दात घासते!” त्यानंतर बचतीवर मला एकही वाक्य बोलावे लागले नाही.

परंतु हिशेबाचा गाभा आणखी पुढे आहे. उंचीतून वेग मिळतो आणि वेगातून पुन्हा उंची मिळते; हा व्यवहार दोन्ही दिशांनी सहज होतो. घर्षणाच्या खात्यात गेलेली रक्कम मात्र तशी परत येत नाही. ती चाकाच्या, जमिनीच्या, हवेच्या असंख्य कणांत थोडीथोडी वाटली जाते. घागरभर गोडे पाणी समुद्रात ओतले तर त्याचा एक थेंबही नष्ट झालेला नसतो, पण त्याने कोणाची तहान भागत नाही. कोमट ठोकळा हातावर ठेवून “हिच्यावर गाडी चालवून दाखव” असे सर म्हणाले, त्याचा अर्थ हा होता. ऊर्जा अक्षय्य आहे. तिची उपयुक्तता अक्षय्य नाही. आपण बचत करतो ती उपयुक्ततेची. कोळसा जाळला, पेट्रोल जाळले, तरी बेरीज बिघडत नाही. बिघडते ते आपले भांडवल, जे वर ठेवलेले होते आणि आता सर्वत्र विखुरले.

नातीने निबंधाच्या शेवटी लिहिले की नियम आपण पाळला काय, न पाळला काय, निसर्ग तो पाळतोच; बचत मात्र आपणच पाळायची असते. हे वाक्य तिचे आहे. मी त्यात फक्त एक स्वल्पविराम घातला.

मुली आधी

आता ऋणाची गोष्ट. त्या शनिवारी गाडीवर बसले ते सगळे मुलगे होते. वही माझी, पावले माझी, प्रश्नही माझा. परंतु गाडीवर बसण्याचे मला कोणी सुचवले नाही आणि मीही विचारले नाही. मुलीने रस्त्यात गाडीवर बसणे त्या काळी शोभत नसे. सरांना मी दोष देत नाही. प्रश्न विचारणाऱ्या मुलीसाठी शनिवारची दुपार खर्च करणारे शिक्षक तेव्हाही थोडे होते. पण पुढे महाविद्यालयात विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी मराठी घेतले. मराठीने मला भरभरून दिले, त्यामुळे खंत नाही. तरीही कधीकधी वाटते, त्या गाडीवरून मी एकदा खाली आले असते, पोटात तो खड्डा पडला असता आणि वेग अंगाला लागला असता, तर कदाचित दुसराही एक दरवाजा मी ढकलून पाहिला असता.

आपल्याच मध्य प्रदेशात, पन्ना जिल्ह्यात, जनवार नावाचे खेडे आहे. उल्रिके राइनहार्ड ह्या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये तेथे मुलांसाठी सिमेंटचे स्केटबोर्ड मैदान उभे केले. नियम दोन : शाळेत गेला नाहीत तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. फळ्या थोड्या आणि मुले पुष्कळ असतील तेथे दुसऱ्या नियमाची किंमत कळते. त्या गावची आदिवासी मुलगी आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधील नानजिंग येथील जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, हा खेळ प्रथमच आला तेव्हा रस्त्यावरील प्रकारात मुलींचे सुवर्णपदक जपानच्या मोमिजी निशियाने मिळवले. तिचे वय तेरा होते. म्हणजे प्रश्न विचारला तेव्हा मी होते त्याहूनही ती लहान.

शाळेपुढे माझी एक साधी सूचना आहे. प्रयोगशाळेसाठी एक स्केटबोर्ड, हेल्मेट, गुडघ्या-कोपरांची कवचे, एक मोजपट्टी आणि एक रुंद फळी घ्यावी. नववीच्या वर्गाने सरांचा प्रयोग दरवर्षी करावा : उंची मोजावी, तीन पृष्ठभागांवर अंतर मोजावे, भागाकार करावा. आम्ही तळघरात केला तेव्हा एक फूट उंचीवरून नातीची फळी ७४ फूट गेली. गिरणीच्या बेअरिंगला ५० फुटांना एक फूट द्यावा लागत होता, येथे ७४ फुटांना. साठ वर्षांत चाकाने केलेली प्रगती मुलांना स्वतःच्या हाताने काढता येईल. ‘घर्षण कमी होते’ हे वाक्य पाठ करण्यापेक्षा हा एक भागाकार अधिक काळ टिकेल. व्याख्या प्रयोगानंतर फळ्यावर लिहाव्यात, म्हणजे शब्द येण्यापूर्वी त्याचा अर्थ मुलांच्या अंगात आलेला असेल. भाषा शिकवताना मी चाळीस वर्षे हेच करण्याचा प्रयत्न केला, आणि ते मी सरांकडून शिकले होते.

पहिल्या फेरीला वही मुलग्यांच्या हातात द्यावी आणि फळी मुलींच्या पायाखाली. दुसऱ्या फेरीला अदलाबदल करावी. त्या साहित्याचा खर्च मी आजच कार्यालयात जमा केला आहे. पावतीवर नाव सरांचे घालावे अशी विनंती आहे.